सुपडा मिस्त्रीचं माप

सुपडा मिस्त्रीच्या तेरवीला अमडापूरला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी चिखलीचा एक टायरवाला बसला होता. वरणाची वाटी पुढे सरकवत तो म्हणाला, "हात सोन्याचा होता हो मिस्त्रीचा. पन एक माप चुकलं न पाय घेऊन गेलं." समोरून कोणी तरी म्हणालं, "वय झालं होतं. डोये गेले असतीन." मी मान हलवली आणि भात कालवला.

माप चुकलं नव्हतं. मला हे माहीत आहे, कारण जे चुकलं ते मी केलं होतं. चारचौघांना कळेल असं हे सांगायला मला सोळा वर्षं लागली. त्यातली पंधरा वर्षं मिस्त्री जिवंत होते.

आमचं वर्कशॉप बुलढाणा-चिखली रस्त्यावर होतं. पत्र्याचं शेड, आत बंद पडलेल्या जिनिंगमधून आणलेला लेथ, छताला लोखंडी गर्डर आणि त्याला लटकणारी साखळीची घिरणी. मिस्त्री ठेंगणे, मानेनं जाड. गाडीखाली शिरायचं असलं तरी अंगात पांढरा पायजामा. संध्याकाळी तो इतका काळा होई की सुमनवहिनी तो घरात घेत नसत, बाहेरच्या दगडावर आपटत. इंजिनला हात लावण्याआधी मिस्त्री हात आधी रॉकेलनं, मग साबणानं धूत. "लोखंडाले घान हात कयते," म्हणत. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. त्या नखानं ते कड तपासत. आपल्याला आरशासारख्या दिसणाऱ्या लोखंडावरून नख फिरवत आणि मधेच थांबून म्हणत, "इथं हाये." तिथं खरोखर चीर असे.

माप ते एकदाच घेत. कॅलिपर लावला, आकडा मनात ठेवला, लेथ सुरू. मी एकदा म्हणालो, दुसऱ्यांदा बघून घ्या. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा मोजनारा पह्यल्यांदा झोपला होता काय बे?"

त्यांचं काम जोडकामाचं. एका गाडीचं इंजिन दुसरीत बसवायचं. जीपमध्ये ट्रॅक्टरचं, टॅक्सीत टेम्पोचं. त्यात बुलढाण्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याची जुनी इंग्रजी गाडी आली. दोन सीटांची, उघडी, लांब नाकाची, जमिनीला चिकटलेली. गावात लोक तिला घोरपड म्हणू लागले. तिच्या मूळ इंजिनचा ब्लॉक फुटला होता आणि तसा ब्लॉक इकडे मिळणं शक्य नव्हतं. मिस्त्रींनी तिच्यात जुन्या अँबॅसिडरचं इंजिन बसवलं. दोन्ही एकाच खानदानातली, फार काही झगडावं लागत नाही असं त्यांचं म्हणणं. "वरून इंग्रज, आतून टॅक्सी," म्हणाले. अधिकाऱ्याचा चेहरा पडला. पण गाडी खामगावपर्यंत जाऊन आली आणि त्यानं पैसे मोजून दिले.

त्यानंतर अशा घोरपडी अकोल्याहून, नागपूरहून, इंदूरहूनही ट्रकवर चढून येऊ लागल्या. सगळ्यांचं दुखणं तेच. इंजिन संपलेलं, गिअरबॉक्स झिजलेली, आणि मालकाला मात्र ती चालताना बघायची असे.

मी जिनिंगमध्ये फोरमन होतो. ती बंद पडल्यावर मिस्त्रींकडे भागीदार म्हणून आलो. माझ्याकडे डिप्लोमा होता. त्यावरून त्यांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर केलं आणि वीस वर्षं तेच नाव ठेवलं. "मास्तरले कागद वाचता येते, लोखंड नाई वाचता येत," ही ओळख ते गिऱ्हाइकांना करून देत. मी हसत असे. पहिली काही वर्षं खरंच हसू येई.

माणूस क्रूर होता, हे सांगितलं पाहिजे. मेलेल्या माणसाचं चांगलंच लिहायचं असतं, पण मी अर्धं खरं लिहिलं तर उरलेलं अर्धंही कोणी खरं मानणार नाही.

रोहिणखेडचे एक गुरुजी जीप घेऊन आले. दुसरीकडे कुठे तरी इंजिन बदलून घेतलेलं, गिअर टाकला की आतून खरखर. मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही. गुरुजींना स्टिअरिंगवर बसवलं, समोरच्या चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बोलावली. "गिअर टाका, गुरुजी." गुरुजींनी टाकला. "आइका. गुरुजीनं गाडीत मिक्सर लावला. चटनी कशाची वाटून राह्यले, गुरुजी?" लोक हसले. "पुन्हा टाका." गुरुजींनी पाच वेळा टाकला. पाचव्या वेळी त्यांची मान खाली होती. लोक गेल्यावर मिस्त्रींनी ती जीप दोन दिवस खपून अशी करून दिली की गुरुजी जाताना त्यांच्या पाया पडले. मिस्त्रींनी पाय मागे घेतला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात देतांना मले इचारलं होतं काय?"

त्यांचा एक नियम होता, त्याभोवती हे सगळं आहे. इंजिनच्या शाफ्टच्या टोकाला एक भोक असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्या भोकात जाऊन बसतं. जोडकामात भोक एका गाडीचं आणि नाक दुसरीचं, म्हणून मधे अंगठीएवढा गनमेटलचा बुश करून घालावा लागतो. क्लच दाबला की इंजिन फिरत राहतं आणि ते नाक बुशात मोकळं होऊन थांबतं. बुशानं नाक आवळून धरलं तर क्लच दाबूनही गाडी पुढे ओढतच राहते.

त्या इंग्रजी गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांना जोडतात आणि मग ती जोडी साखळीनं उचलून आत सोडतात. जोडताना शेवटचं बोटभर अंतर राहतं. मिस्त्री तिथं फक्त हात वापरू देत. गिअरबॉक्स साखळीवर तोलून, हलकेच डोलवत, ती आपसूक सरकून बसली पाहिजे. घाई झाली की कोणीही चार बोल्ट लावून पान्यानं ओढून घेतो, तसं चालत नसे. "हातानं नाई गेली म्हनजे ती नाई म्हनून राह्यली. तिचं आइक. बोल्टानं ओढशीन तं आत काय मोडलं ते तुले कधीच दिसनार नाई."

मी ती एकदा ओढली होती, माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्यांनी बोल्टाखालची खूण बघून ओळखलं. मला ती सोडवायला लावली. पुन्हा जोडायला लावली. पुन्हा सोडवायला लावली. दिवसभरात सात वेळा. दोन गिऱ्हाइकं खुर्च्या घेऊन बघत बसली होती. सातव्या वेळीही ती माझ्या हातानं बसली नाही. मिस्त्री उठले, एका हातानं साखळी धरली, मांडीनं गिअरबॉक्सला जरा रेटा दिला आणि ती सुळकन आत गेली. मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "याले दोन शाफ्ट जोडता येत नाई. म्हनून तं घरी पायना नाई."

आम्हाला मूल नव्हतं. माझी बायको शेडच्या दारात डबा घेऊन उभी होती.

तिनं डबा लेथवर ठेवला आणि ती गेली. त्यानंतर ती कधी वर्कशॉपवर आली नाही. मिस्त्रींनी तिला पाहिलं होतं. त्यांनी बुश उचलला आणि नखानं तपासत राहिले. माफी वगैरे त्यांच्यात नव्हतं. संध्याकाळी वहिनींच्या हाती आमच्या घरी वांगी पाठवली, एक भलीमोठी पिशवी. बायकोनं ती गाईला घातली.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. मधे चौदा-पंधरा वर्षं गेली. कारण असतं तर मी निघून गेलो असतो. मी राहिलो, शिकलो, पुष्कळ गाड्या त्यांच्याबरोबर केल्या. फक्त ते शेवटचं बोटभर अंतर त्यांनी पुन्हा माझ्यावर सोडलं नाही.

भाऊसाहेबांची गाडी आली तेव्हा मी अठ्ठावन्नचा होतो, मिस्त्री बासष्टचे. भाऊसाहेब म्हणजे देऊळघाटच्या बाजूचे मोठे जमीनदार. वडिलांनी मुंबईहून आणलेली हिरवी घोरपड त्यांच्या गोठ्यात तीस वर्षं कडब्याखाली पडलेली. नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता, तिथं ती चालवत न्यायची त्यांची हौस. इंजिन अँबॅसिडरचं ठरलं. मूळ गिअरबॉक्सचे दात गेलेले, म्हणून एका लहान टेम्पोचा पाच गिअरचा बॉक्स आणला. मिस्त्रींनी दोघांमधली जाड प्लेट कापली, बुश वळला, तेलात बुडवून ठेवला. नाकावर घालून मला दाखवला. अंगठीसारखा फिरत होता, आवाज नाही, ढिलाई नाही.

जोडायच्या दिवशी त्यांच्या पुतणीचा साखरपुडा रोहिणखेडला निघाला. जाताना म्हणाले, "मी येतो दुपारून. हात लावू नको बे."

मी हात लावला. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर होतं, गिअरबॉक्स साखळीवर. बरोबर त्यांच्यासारखं डोलवत मी ती आणली, आणि शेवटचं बोटभर राहिलं. तासभर मी तिच्याशी झटलो. घामानं हात निसटत होते. मग मी चार बोल्ट लावले आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. तिसऱ्या फेरीला आतून "कट्" असा आवाज आला. लहानच आवाज. मग ती सहज आली.

मिस्त्री आले. टोपीवर अजून कुंकवाचा डाग होता. जुळलेली जोडी बघून थांबले.

"कशी बसली?"

"हातानं."

"हातानं बसली?"

"हो."

ते खाली वाकून बघत राहिले. बोल्टाखाली मी नवे वायसर टाकले होते, खूण राहिली नव्हती. मग उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. टपरीवाल्याला हाक मारून भजी मागवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आमच्या मास्तरच्या हाताले अक्कल आली. वीस वर्ष लागले, पन आली." त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल एवढं चांगलं मी त्या एकाच दिवशी ऐकलं. मी भजी खात होतो. तेव्हा सांगितलं असतं तर फक्त गिअरबॉक्स पुन्हा काढावी लागली असती.

तीन दिवसांनी भाऊसाहेब आले. गाडी घेऊन देऊळघाटपर्यंत गेले आणि परत आले. फाटकात थांबून म्हणाले, "मिस्त्री, येताना गिअर जड लागायला लागला. आधी नव्हता." मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नवीन काम आहे, भाऊसाहेब. बसेल." माझ्यावर मिस्त्रींचा नवा विश्वास होता. ते म्हणाले, "या मंग आत. शेडमधी लावा, पाहू."

मिस्त्री शेडच्या मागच्या भिंतीशी उभे राहिले. त्यांच्या मागे त्याच गाडीतून काढलेलं जुनं इंजिन जमिनीवर ठेवलेलं होतं. हातानं ते बोलावत होते, "येऊ द्या, येऊ द्या. बस." भाऊसाहेबांनी क्लच दाबला. गाडी थांबायला हवी होती. ती तशीच चालत राहिली, माणसाच्या चालीनं, काही घाई नसल्यासारखी. भाऊसाहेबांना कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तिचा बंपर मिस्त्रींच्या नडगीला लागला आणि मागून जुन्या इंजिनची कड लागली. मिस्त्री ओरडले नाहीत. त्यांनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाले, "इंजन बंद करा."

गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

बुश मी एकट्यानं काढला. एका बाजूची कड मुडपून नाकावर चढली होती आणि तापल्यावर गच्च बसली होती. आतला बाकीचा भाग त्यांनी केला तसाच होता, गुळगुळीत, मापात. मी तो घणाखाली चपटा केला आणि भंगारात टाकला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मग दोन दिवस ती जेवली नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. वहिनी पाण्याला बाहेर गेल्या होत्या. मिस्त्रींनी पायाचं काही काढलं नाही.

"बुश काढला काय?"

"काढला."

"मंग?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "आतून कमी होता, मिस्त्री. गरम झाला न धरला."

"किती कमी?"

"केसभर."

"आन इकडे. पाहू दे."

"काढतांना फुटला. टाकून दिला."

ते छताकडे बघत राहिले. अंगठ्याचं नख तर्जनीवर फिरत होतं, अंगठीच्या आतून फिरावं तसं. "केसभर," म्हणाले. मग नख थांबलं. "मी तं एकदाच मोजला होता."

त्यांनी पुन्हा लेथला हात लावला नाही. अमडापूरला भावाच्या मळ्यात राहायला गेले आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करू लागले. वर्कशॉप मी चालवलं. गिऱ्हाईक बिचकलं की मी म्हणत असे, "काळजी करू नका, आता मापं मी घेतो." हे वाक्य मी रोज म्हणत होतो. पाचेक वर्षांत घोरपडी यायच्या बंद झाल्या आणि मी शेड विकलं.

दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला मी अमडापूरला जाई. मिस्त्री ओट्यावर पंप उघडून बसलेले असत. जिभेची धार गेली होती त्यांची. कोणाला टोमणा नाही, शिवी नाही. पंपात वायसर टाकला की हाक मारत, "वंदना, पाय बरं, बरोबर बसला काय?" वंदना म्हणजे त्यांची सून. ती मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणे, "हो बाबा." मग ते झाकण लावत. कधी कधी झाकण पुन्हा उघडून पुन्हा विचारत.

आणि मला दर वेळी एक प्रश्न. "मास्तर, आतून कमी होता म्हनतो तू. तं मंग देऊयघाटपर्यंत गेला कसा?"

"गरम झाल्यावर आवळला."

"हो. तसंच असन." पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, जरा वेगळ्या बाजूनं. तेल कमी पडलं असेल काय? गनमेटल खराब होतं काय? प्रत्येक वेळी मी त्यांना पुन्हा त्यांच्या मापावर आणून सोडत असे.

वहिनी गेल्या. मग माझी बायको गेली, गेल्या वर्षी उन्हाळ्यात. तिच्यानंतर ही गोष्ट माहीत असलेला मी एकटा उरलो आणि मला ते सहन होईना. पोळ्याच्या आधी मी अमडापूरला गेलो. त्यानंतर मिस्त्री चार महिने जगले आणि मी पुन्हा गेलो नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

वंदना घरामागे भेंडी तोडत होती. ओट्यावर ते आणि मी.

"मिस्त्री, माप बरोबर होतं."

"कोनतं?"

"भाऊसाहेबांच्या बुशाचं. तुम्ही रोहिणखेडला गेले तेव्हा मी बोल्टानं ओढली. बुशाची कड मुडपली."

त्यांच्या हातात पंपाची नळी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"आवाज आला होता काय?"

"आला होता. कट् करून."

"हं. तसाच येते." मग म्हणाले, "आन दवाखान्यात केसभर म्हनला."

"चुकलं माझं."

"ते नको सांगू. कोनाले कोनाले माहीत हाये हे?"

"बायकोला होतं. ती गेली."

"म्हनजे आता तू न मी. मी गेलो की तू एकटा. मंग झालंच तुह्यं काम." रागावून नव्हते बोलत. हिशेब जुळवून बघावा तसं बोलत होते. "आता मी लोकाले सांगतलं तं लोक काय म्हनतीन? म्हातारा मरतांना स्वतःले सोडवून राह्यला. तू तोंडानं सांगशीन तं तेही नको. तोंडानं तू तवाही सांगतलं होतं. लिहून दे. तुले कागद येते."

त्यांनी वंदनाला हाक मारली. तिनं ओले हात पुसून आतून एक वही आणि पेन आणून दिलं आणि ती परत मळ्यात गेली. मिस्त्रींनी कोरं पान उघडलं, तळहातानं सपाट केलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "तू जे केलं ते लिव. खाली सही कर."

मी पेन घेतलं. खिसा चाचपला आणि म्हणालो, "चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या आतल्या खिशात होता. हाताला लागत होता.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग कानावरून स्वतःचा चष्मा काढला, बनियनच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या आणि माझ्यापुढे धरला. "हा लाव."

मी लावला. काचा माझ्या डोळ्यांना अगदी बरोबर होत्या. वहीवरच्या निळ्या रेघा स्वच्छ दिसल्या. त्यांच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग दिसला, गालावरची पांढरी खुंटं एक एक दिसली. चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे माझा चेहरा शोधत होते आणि तो त्यांना नीट सापडत नव्हता.

"दिसते?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच दिसत नाही."

त्यांनी चष्म्यासाठी हात पुढे केला, माझ्यापासून जरा डावीकडे. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. तो डोळ्यांना लावायच्या आधी त्यांनी चाचपडत माझ्या मांडीवरची वही घेतली, पेन त्याच पानात ठेवलं, वही मिटली आणि आपल्या मांडीखाली सरकवली.

"उद्या तुहा घेऊन ये," म्हणाले. "मी इथंच हावो."